सभागृहातले रेकॉर्डिंग लांबून आल्यासारखे का वाटते: माइकचे अंतर, फेज आणि मिक्सिंग

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गायिका, दोन गिटार, चेलो आणि थोडी तालवाद्ये असा आपला पाच जणांचा संच स्टुडिओत रेकॉर्ड होतो तेव्हा आवाज जवळचा आणि स्वच्छ येतो. त्याच संचाचे सभागृहातले रेकॉर्डिंग मात्र विहिरीतून आल्यासारखे वाटते. माइकची जोडी आपण पाचव्या रांगेत, जिथे बसून ऐकायला सर्वांत छान वाटत होते नेमकी तिथे, उभी केली होती. शिवाय ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून एक स्टिरिओ जोडणीही घेतली होती. मिक्सिंगमध्ये तीन आठवडे घालवूनही आवाज सुधारला नाही, उलट अधिकच बिघडला, तेव्हा अधिक महागडे माइक घ्यावेत का आणि झालेले रेकॉर्डिंग वाचवता येईल का, असे आपण विचारले आहे.

माइक बदलण्याची गरज नाही. आपल्याकडे असलेली छोट्या डायफ्रॅमच्या (पडद्याच्या) कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, कंडेन्सर माइकची जोडी या कामाला पुरेशी आहे. चूक झाली ती जागा निवडण्यात, आणि ती चूक इतकी स्वाभाविक आहे की या कामात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण ती एकदा तरी करतो. ऐकायला जिथे छान वाटते तिथेच माइक ठेवावा, हा विचार वरवर तर्कशुद्ध वाटतो. पण तो खरा ठरत नाही, कारण आपण दोन कानांनी आणि त्यामागच्या मेंदूने ऐकतो. समोरून थेट येणारा ध्वनी कोणता आणि भिंतींवरून, छतावरून परतून येणारा कोणता, हे मेंदू दिशेवरून आणि वेळेतल्या फरकावरून सतत निवडत असतो, आणि परतून आलेल्याकडे बऱ्याच अंशी दुर्लक्ष करतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी 1949 साली दाखवून दिले की सुमारे 30 मिलिसेकंदांच्या आत आलेला परावर्तित ध्वनी मूळ ध्वनीपेक्षा काहीसा मोठा असला, तरी ऐकणाऱ्याला तो स्वतंत्र आवाज म्हणून जाणवत नाही आणि आवाजाची दिशा मूळ ध्वनीचीच वाटते. माइककडे अशी निवड करण्याची सोय नाही. त्याच्या पडद्यावर जे जे आदळते ते सर्व तो एकाच तारेत घालतो, आणि पुढे दोन स्पीकरमधून ते ऐकताना सभागृहाची सगळी घुमण समोरच्याच दिशेने येत असल्याने मेंदूलाही ती वेगळी काढता येत नाही.

यावर एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. तालीम चालू असताना एका कानात बोट घालून तो पूर्ण बंद करावा आणि दुसऱ्या कानाने ऐकत पाचव्या रांगेतून हळूहळू मंचाकडे चालत जावे. पाचव्या रांगेत जे मधुर वाटत होते ते एका कानाने ऐकताच गढूळ होते, हे आपल्याला पहिल्या मिनिटातच कळेल. पुढे सरकत गेल्यावर एका ठिकाणी शब्दांची व्यंजने स्पष्ट होतात, गिटारच्या तारेवर नखी लागल्याचा आवाज सुटा ऐकू येतो आणि तरीही खोलीचा श्वास मागे शिल्लक असतो. माइकची जागा तिथे किंवा तिथून हातभर पुढे असते. मी आजही हे करतो, आणि लोक माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात याची सवय झाली आहे.

हीच गोष्ट आकड्यांतही मांडता येते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट ध्वनी 6 डेसिबलने घटतो. सभागृहातला निनाद मात्र सर्वत्र जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. म्हणून वाद्यापासून काही अंतरावर एक सीमा येते, जिथे थेट ध्वनी आणि निनाद समसमान होतात. सर्व दिशांना सारखा आवाज सोडणारा स्रोत गृहीत धरला, तर खोलीच्या घनफळाला, म्हणजे घनमीटरांना, निनाद कालाच्या (आवाज बंद झाल्यावर तो विरायला लागणाऱ्या वेळाच्या) सेकंदांनी भागून त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला 0.057 ने गुणावे, म्हणजे ही सीमा मीटरमध्ये मिळते. समजा आपले सभागृह 20 मीटर लांब, 15 मीटर रुंद आणि 10 मीटर उंच आहे आणि निनाद काल दीड सेकंद आहे. तर ही सीमा अवघ्या अडीच मीटरांवर येते. कार्डिऑइड माइक मागचा आवाज कमी घेतो, म्हणून त्याच्यासाठी ती 1.7 पट, म्हणजे सव्वाचार मीटरांपर्यंत जाते. पाचवी रांग मंचापासून साधारण 8 मीटरांवर असते. तिथे आपल्या माइकला निनाद थेट ध्वनीपेक्षा सुमारे 5 डेसिबलने वरचढ मिळत होता. तेच माइक अडीच मीटरांवर आणले असते, तर थेट ध्वनी जवळजवळ 5 डेसिबलने वरचढ झाला असता. एवढा 10 डेसिबलचा पालट कोणत्याही महागड्या माइकने किंवा प्लगइनने होत नाही.

निनाद कालाचा उल्लेख आला आहे, तर आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस क्लेमेंट सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे एक व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले, कारण तिथे बोललेले काही समजत नसे. त्यांनी दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनच्या नळीचा स्वर बंद केल्यावर आवाज विरायला किती वेळ लागतो हे घड्याळाने मोजले, आणि गाद्या वाढवत नेल्या तसा तो वेळ घटताना पाहिला. आपल्या कामात या गाद्यांची जागा प्रेक्षक घेतात. दुपारी रिकाम्या सभागृहात माइक लावले आणि संध्याकाळी माणसे भरली, तर निनाद, विशेषतः वरच्या पट्टीतला, बराच घटतो. म्हणून तालमीच्या वेळी आवाज किंचित ओला, म्हणजे थोड्या जास्त निनादाचा, वाटेल अशी जागा ठेवावी. ती रिकाम्या खुर्च्यांसमोर अगदी नेमकी वाटली, तर कार्यक्रमात कोरडी पडेल.

आता जोडी कशी लावावी याकडे वळतो. दोन माइकनी स्टिरिओ पकडण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लूमलाइन यांनी ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीत असताना 1931 साली ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातच आजच्या बहुतेक पद्धतींची बीजे आहेत. आपण एकाच बिंदूवर 90 अंशांत माइक एकमेकांवर ठेवण्याची एक्स-वाय पद्धत वापरली होती. ती मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून ऐकताना, सुरक्षित असते, पण कार्डिऑइड माइकची अशी जोडी जवळजवळ अर्ध्या वर्तुळाएवढा पल्ला सामावून घेते. परिणामी आठ मीटरांवरून दिसणारा आपला छोटासा संच दोन स्पीकरच्या मधोमध मूठभर जागेत गोळा झाला. त्याऐवजी फ्रेंच प्रसारण संस्थेने रूढ केलेली ओआरटीएफ जोडी लावावी: दोन माइकच्या तोंडांमध्ये 17 सेंटिमीटर अंतर आणि 110 अंशांचा कोन. या जोडीचा पल्ला साधारण 95 अंशांचा असतो. संच 5 मीटर रुंद बसला आणि जोडी मध्यावर अडीच मीटरांवर असली, तर दोन्ही टोकांमध्ये 90 अंशांचा कोन होतो आणि चित्र दोन्ही स्पीकरच्या मध्ये नेमके पसरते. वादक किंचित कमानीत बसले तर कडेचे दोघे मागे पडत नाहीत. उंची अडीच ते तीन मीटर ठेवून माइक खाली झुकवावेत, म्हणजे पुढे बसलेला आणि मागे बसलेला यांच्या अंतरातला फरक कमी होतो.

या अवस्थेत मिक्सरला हात लावू नये. हेडफोन घालून ऐकावे आणि तोल माणसांच्या जागा बदलून साधावा. 1925 मध्ये विजेवर चालणारे रेकॉर्डिंग येईपर्यंत तर दुसरा मार्गच नव्हता. कर्ण्यापुढे कोणी किती अंतरावर उभे राहायचे यावरच सगळे मिक्सिंग होत असे, आणि मोठा स्वर लावताना गायक मागे सरकत असत. ही कला आजही तितकीच उपयोगी आहे. तालवाद्ये चढी वाटत असतील, तर ती एक मीटर मागे न्यावीत. चेलो दबत असेल, तर वादकाला अर्धा मीटर पुढे घ्यावे आणि त्याच्या खुर्चीखालचा गालिचा काढावा, कारण टेकणीतून लाकडी मंचात उतरणारा कंपही त्या वाद्याच्या आवाजाचा भाग असतो. वादकांना अशी हलवाहलव आवडत नाही. पण तालमीतली दहा मिनिटे नंतरचे दहा तास वाचवतात हे एकदा ऐकवून दाखवले, की पुढच्या वेळी ते स्वतःच विचारतात.

आपल्याकडचे उरलेले दोन माइक आधारासाठी आहेत: मोठ्या डायफ्रॅमचा गायिकेसाठी आणि डायनॅमिक माइक त्या दिवशी जे वाद्य सर्वांत दुबळे ऐकू येईल त्याच्यासाठी. मात्र माइक वाढला की फेजचा, म्हणजे एकच आवाज वेगवेगळ्या माइकमध्ये मागेपुढे पोहोचण्याचा, प्रश्न सुरू होतो, आणि तो समजून न घेता माइक वाढवण्यापेक्षा दोनच ठेवलेले बरे. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. एकच आवाज दोन माइकमध्ये 34 सेंटिमीटरच्या फरकाने पोहोचला आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले, तर 500 हर्ट्झला आवाज जवळजवळ नाहीसा होतो, मग 1500 ला, मग 2500 ला, आणि वरपर्यंत कंगव्याच्या दातांसारख्या खाचा पडत जातात. ऐकणाऱ्याला खाचा वेगळ्या जाणवत नाहीत. आवाज पोकळ आणि नळीतून आल्यासारखा झाला एवढेच जाणवते. यासाठी तिप्पट अंतराचा नियम आहे. माइक आपल्या वाद्यापासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर शेजारच्या वाद्याचा माइक त्याच्यापासून किमान 90 सेंटिमीटर दूर असावा. मग त्यात शिरणारा परका आवाज साधारण साडेनऊ डेसिबलने खाली राहतो आणि खाचा उथळ होतात. हा नियम सारख्या पातळीवर चालणाऱ्या माइकसाठी आहे. एका माइकचा गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) खूप वाढवला, की तो मोडतो.

फेजइतकाच पोलॅरिटीचाही (एका माइकचा संकेत उलटा होण्याचा) बळी मी होऊन चुकलो आहे. एका ध्वनिमुद्रणात डबल बासवर दोन माइक लावले होते, दोन्ही वेगवेगळे ऐकताना उत्तम वाटत होते, आणि एकत्र केले की वाद्याचे पोटच गायब होत होते. मी दीड तास माइक हलवत राहिलो. शेवटी कळले की एका केबलच्या जोडात दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना उलट जोडल्या गेल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक केबल आधी तपासतो, आणि दुसरा माइक उघडल्याबरोबर पोलॅरिटीचे बटण दाबून आवाज कोणत्या स्थितीत भरतो ते ऐकतो. ज्या स्थितीत खर्ज भरीव लागतो, ती ठेवावी.

ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून घेतलेल्या जोडणीबद्दल आपण लिहिले आहे की त्यात गायिका प्रचंड मोठी आणि तालवाद्ये जवळजवळ नाहीत. त्यात त्या ध्वनितंत्रज्ञाची काही चूक नव्हती. तो सभागृहासाठी मिक्स करत होता. जे वाद्य मंचावरून आपोआप पुरेसे ऐकू येते ते तो स्पीकरमध्ये घालत नाही, आणि जे ऐकू येत नाही तेच घालतो. त्याचा मिक्स म्हणजे खोलीत जे कमी पडते त्याची भरपाई असते. म्हणून तयार मिक्स न घेता स्प्लिटर (एका माइकचा आवाज दोन तारांत वाटणारे उपकरण) लावून प्रत्येक माइकची वेगळी तार आपल्या आठ चॅनलच्या रेकॉर्डरमध्ये घ्यावी. ओआरटीएफ जोडी स्पीकरच्या रांगेच्या मागे, मंचाच्या बाजूला राहील असे पाहावे. कार्डिऑइडची पाठ मग स्पीकरकडे होते आणि त्यांचा आवाज बराच कमी शिरतो. आणि शक्यतो दोन स्वतंत्र रेकॉर्डर वापरू नयेत. त्यांच्या घड्याळांत दशलक्षात दहा इतका बारीक फरक असला, तरी तासाभरात 36 मिलिसेकंदांची तफावत पडते, आणि सुरुवातीला टाळी वाजवून जुळवलेले ट्रॅक शेवटच्या गाण्यात दोनदा ऐकू येऊ लागतात.

पातळीबद्दल फार लिहीत नाही. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेवावे, तालमीतली सर्वोच्च शिखरे उणे 14 डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन ठेवावा, कारण प्रेक्षक आले की सगळेच जण तालमीपेक्षा जोराने वाजवतात. वातानुकूलन बंद करता येते का ते विचारावे. येत नसेल, तर रिकाम्या सभागृहाची अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करून ठेवावी, ती संपादनात सांधे झाकायला लागते.

स्टुडिओत हा सगळा त्रास का झाला नाही, हे आता उघड आहे. तिथे गायिका माइकपासून वीतभर अंतरावर होती, गिटारचा माइक बाराव्या फ्रेटसमोर 25 सेंटिमीटरवर होता. एवढ्या जवळ खोलीला बोलायला वावच मिळत नाही. अर्थात त्याचीही किंमत असते. कार्डिऑइड माइक जवळ आणला की खर्ज फुगतो, आणि गायिका मान चार बोटे हलवली तरी आवाजाचा पोत बदलतो. छोट्या खोलीचे स्वतःचे दोषही असतात. समोरासमोरच्या भिंतींत 4 मीटर अंतर असेल, तर 43 हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या पटींत काही स्वर घुमतात, काही लुप्त होतात. भिंतीला पातळ फोम चिकटवून हे जात नाही. फोम फक्त वरची चमक खातो आणि खालचा गोंगाट तसाच ठेवतो, म्हणून अशा खोल्यांतला आवाज डब्यात बोलल्यासारखा वाटतो. कोपऱ्यांत दाट खनिज लोकरीचे जाड थर द्यावेत, त्यांचा उपयोग होतो.

मिक्सिंगला बसताना क्रम असा ठेवावा. प्रथम फक्त मुख्य जोडी वाजवावी आणि ती एकटीच ऐकायला पुरेशी वाटेल असा प्रयत्न करावा. मग गायिकेचा माइक खालून हळूहळू वर आणावा आणि तो आला हे कळण्याच्या आधीच थांबावे. बंद केल्यावर उणीव जाणवली पाहिजे, चालू असताना माइक जाणवू नये. त्याआधी वेळ जुळवून घ्यावी. तिचा माइक तोंडाजवळ आहे आणि जोडी तिच्यापासून तीन मीटरांवर आहे, म्हणजे जोडीत तिचा आवाज सुमारे 9 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तिच्या ट्रॅकला तेवढा, आणि वर आणखी दोन-तीन मिलिसेकंदांचा विलंब द्यावा. मग कान पहिली खूण जोडीकडून घेतो आणि गायिका आपल्या जागेवरच उभी राहते, नाहीतर ती इतरांच्या पुढे येऊन चिकटते. पॅनही (डाव्या-उजव्या बाजूतली जागा) जोडीत ती जिथे ऐकू येते तिथेच ठेवावा.

आपल्या तीन आठवड्यांच्या मिक्सिंगने आवाज अधिकच बिघडला, असे आपण लिहिले आहे, आणि त्याचे कारण बहुधा कॉम्प्रेसर हे आहे. कॉम्प्रेसर शिखरे 6 डेसिबलने दाबतो आणि नंतर आपण सगळी पातळी 6 डेसिबलने उचलतो. म्हणजे शिखरांच्या मधली जागा, जिथे फक्त निनादाची शेपटी होती, तीच 6 डेसिबलने मोठी होते. जवळून घेतलेल्या कोरड्या आवाजाला हे चालते, दुरून घेतलेल्या जोडीला नाही. मुख्य जोडीवर कॉम्प्रेसर लावू नये. मोठ्या-लहान पातळीचा फरक हाताने फेडर, म्हणजे पातळीची सरकती कळ, वर-खाली करून सांभाळावा.

आता झालेल्या रेकॉर्डिंगबद्दल. ते पूर्ण वाचणार नाही, पण थोडे पुढे येईल. मिक्सरच्या जोडणीत गायिका कोरडी आणि स्पष्ट आहे, ही आपली जमेची बाजू. पाचव्या रांगेतली जोडी तिच्यापासून 8 मीटरांवर होती, तेव्हा मिक्सरच्या ट्रॅकला सुमारे 23 मिलिसेकंद विलंब द्यावा. नेमका आकडा एखाद्या टाळीच्या किंवा तालवाद्याच्या ठोक्याच्या आकृतीवरून जुळवावा. या ट्रॅकला आता मुख्य मानावे आणि जोडीला खोलीच्या निनादाचे काम द्यावे: तिला 150 हर्ट्झखाली कापावे, 300 ते 500 हर्ट्झमध्ये तीनेक डेसिबल कमी करावे, आणि कृत्रिम रिव्हर्ब कुठेही घालू नये. निनाद कमी करणारे सॉफ्टवेअर वापरायचे असेल, तर जोडीवर अगदी हलके वापरावे. शब्दांच्या शेवटी पाण्याखालच्या बुडबुड्यांसारखा आवाज येऊ लागला की ते जास्त झाले. तालवाद्ये मात्र मिक्सरच्या ट्रॅकमध्ये जवळजवळ नाहीत, त्यामुळे ती लांबच राहतील. ज्या दोन-तीन गाण्यांत तालवाद्ये अगदी हलकी आहेत, तीच निवडावीत आणि बाकीची बाजूला ठेवावीत.